अकरा लाखांपैकी हातात किती?

*ताई, पुण्यातल्या एका खासगी कंपनीत मला चार वर्षं दहा महिने झाले. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 8.40 लाख, सगळं फिक्स्ड. बेसिक, म्हणजे मूळ पगार, 35,000, हातात 58,700 येतात. नव्या कंपनीने 11 लाखांची ऑफर दिलीय. त्यात 1.10 लाख व्हेरिएबल (कमी-जास्त होऊ शकणारा भाग) आणि 50 हजार जॉइनिंग बोनस. माझी नोटीस 90 दिवसांची, त्यांना मी 30 दिवसांत हवीय. दोन दिवसांत उत्तर द्यायचंय. जास्त मागितलं तर ऑफर हातची जाईल का? घरचे म्हणतात, मिळतंय ते घे.*
– गोंधळलेली, पिंपरी

माग. सभ्यपणे एकदा आकडा वाढवून मागितला म्हणून ऑफर मागे घेणाऱ्या कंपन्या फार थोड्या. होकार दिल्यावर रोज नवी मागणी काढली, की मात्र एचआर बिथरते. म्हणून सगळं एकाच फोनमध्ये माग, आणि त्याआधी हिशेब मांड.

व्हेरिएबल आणि बोनस वगळले की फिक्स्ड उरतं 9.40 लाख. बेसिक सीटीसीच्या निम्मं धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्क्यांनी 66,000, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) 4.81 टक्क्यांनी 26,450 आणि विम्याचे, समजा, 12,000, हे सगळं त्याच 9.40 मधून जातं. राहिले महिन्याला साधारण 69,600. तुझा पीएफ 5,500 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 कापून हातात 64,000 सुद्धा पुरते येत नाहीत. तेही नव्या करप्रणालीत या पगारावर इन्कम टॅक्स बसत नाही म्हणून. कागदावर 31 टक्के वाढ, हातात जेमतेम 9. पीएफ तुझाच आहे, बुडत नाही. पण त्यातून घरभाडं देता येत नाही.

म्हणून ‘12 लाख करा’ असं म्हणू नकोस. वाढीव लाख ते व्हेरिएबलमध्ये घालतील. असं बोल: ‘काम मला आवडलंय, यायचंच आहे. माझे सध्याचे 8.40 पूर्ण फिक्स्ड आहेत, तुमच्याकडे फिक्स्ड 9.40 होतं. ते 10.40 केलंत तर मी आजच होकार कळवते.’ एवढं बोलून थांब. पलीकडची शांतता सहन न होऊन ‘नाहीतर साडेनऊही चालतील’ असं आपणच म्हणून बसतो, तिथेच घात होतो. 10 वर जमलं तरी चांगलं. फिक्स्ड हलतच नसेल तर जॉइनिंग बोनस सीटीसीच्या बाहेर काढून माग, आणि गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं तेही विचार. वर्षाच्या आत सोडल्यास बोनस परत घेण्याची अट बहुतेकदा असते, ती वाच. सध्याचा पगार फुगवून सांगू नकोस. सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 मागतातच.

आता तारीख. इथे तुझे लाखभर रुपये अडकलेत. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात आणि पूर्ण नोटीस भरलीस तर ती होतात: 35,000 × 15 ÷ 26 × 5, म्हणजे सुमारे 1,01,000. तीस दिवसांत निघालीस तर चार वर्षं अकरा महिन्यांवर अडकशील. चार वर्षं 240 दिवस पुरेसे आहेत असा निकाल न्यायालयाने दिलेला आहे, पण सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत आणि त्यासाठी भांडत बसावं लागतं. शिवाय उरलेल्या 60 दिवसांचा बायआउट (नोटीस पूर्ण न भरल्याची भरपाई) बेसिकवर धरला तर 70,000, ग्रॉसवर (कपातीआधीच्या पगारावर) धरला तर सव्वा लाखाच्या वर. कशावर धरतात ते तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघ. नव्या कंपनीला स्पष्ट सांग: 90 दिवसांनी येते. लवकर हवी असेल तर बायआउट तुम्ही भरा आणि बुडणाऱ्या ग्रॅच्युइटीएवढा बोनस वाढवा.

दोन दिवसांची मुदत सोमवारपर्यंत वाढवून मागायला काहीच हरकत नाही. फोन झाला की ठरलेलं सगळं त्याच दिवशी मेलने पाठव. घरच्यांना हा हिशेब कागदावर दाखव. सुधारित ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नकोस, फोनवर कितीही गोड बोलले तरी.