चावण्याच्या आधी काय घडतं?

पालकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा, धाकटी पाच महिन्यांची. आम्ही मनीषनगरला राहतो, सासूबाई सोबत असतात. जूनपासून मुलाला नर्सरीत घातलं. सकाळी साडेसहाला उठतो, साडेबाराला ऑटोनं घरी येतो. दुपारी झोपत नाही. त्याचे बाबा रात्री साडेनऊला येतात, मग त्यांच्याशी खेळून अकराला झोपतो. जेवायचं नाव नाही, दुधाच्या मात्र तीन-चार बाटल्या होतात. संध्याकाळ झाली की नुसता धिंगाणा. वस्तू फेकतो, जमिनीवर लोळतो, मला चावतो. मागच्या आठवड्यात शेजारच्या मुलीच्या दंडाला असा चावला की दात उमटले. मोबाइल दिला की लगेच गप्प. तान्ह्या पोळ्याला, लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, कृष्ण करून नेलं, तर भर मैदानात लोळण घेतली, लाकडी बैल फेकून दिला. सगळे बघून राहिले होते. सासूबाई म्हणतात, माझ्या लाडानं बिघडला. हे म्हणतात, दोन ठेवून दे, सरळ होईल. जावेची मुलगी याच वयाची, किती शांत आहे! माझाच काऊन असा झाला?
– एक आई, मनीषनगर

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. साडेसहाला उठतो, दुपारी झोपत नाही, अकराला झोपतो. म्हणजे चोवीस तासांत साडेसात तास झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. रोजची किमान अडीच तासांची तूट झाली ही, आणि शाळा सुरू झाल्यापासून ती चालूच आहे. मोठं माणूस थकलं की पेंगतं. एवढं लेकरू थकलं की उलट जास्त उधळतं. रात्री दहाला तो खोलीभर धावतो आणि घरच्यांना वाटतं, याला झोपच नाही आली. खरं तर त्याची झोपेची वेळ टळून गेलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘संध्याकाळ झाली की’. लाडानं बिघडला असता तर सकाळी नऊलाही बिघडलेलाच दिसला असता. संध्याकाळी सहाला तुमच्या घरात काय चाललेलं असतं, ते डोळ्यांसमोर आणा. तो सकाळपासून जागा आहे, पोटात दुधाशिवाय फारसं काही नाही. धाकटी किरकिरते, तिला तुम्ही पाजायला घेता. गॅसवर कुकर. सासूबाई दिवाबत्तीच्या गडबडीत. एप्रिलपर्यंत ही आई त्याची एकट्याची होती. मग बहीण आली, दोन महिन्यांत शाळा आली, आणि या दोन्ही गोष्टी कुणी त्याला विचारून केल्या नाहीत. ‘आई, मला तू हवी आहेस, मी दमलोय, मला भूक लागलीय’ एवढं लांब वाक्य रागाच्या भरात साडेतीन वर्षांच्या मुलाला सुचत नाही. दात मात्र लगेच कामाला येतात. रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात फार कच्चा असतो. तो पुरता तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो.

आता मोबाइल. तो लोळतो, फेकतो, चावतो, तुम्ही कंटाळून मोबाइल देता, तो गप्प होतो. तुम्हाला शांतता मिळाली, त्याला मोबाइल मिळाला. दोघांनाही कळलं की हा उपाय चालतो, म्हणून उद्या दोघंही तोच करणार. यात त्याचा लबाडपणा नाही आणि तुमची ढिलाईही नाही. मूल असंच शिकतं. म्हणून मी पालकांना नेहमी म्हणते, वागणं एकटं बघू नका. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर त्याला काय मिळालं, तेही बघा.

त्यासाठी एक वही करा. आठवडाभर प्रत्येक प्रसंगाचं तीन-चार ओळींत लिहा. ‘फार त्रास दिला’ असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. असं लिहा : ‘बुधवार, सव्वासहा. मी धाकटीला पाजत होते. त्यानं दोनदा हाक मारली, मी थांब म्हटलं. त्यानं वाटी फेकली. मी धाकटीला सासूबाईंकडे देऊन त्याच्यामागे धावले.’ वाटी फेकल्यावर त्याला काय मिळालं, ते शेवटच्या ओळीत आहे. आई मिळाली, पण हाक मारून नाही मिळाली.

या वहीतून कधीकधी भलतंच कारण निघतं. माझ्याकडे एक चार वर्षांची मुलगी यायची. अधूनमधून अचानक भांडायची, ओरबाडायची. आईच्या वहीत मला दिसलं की हे दिवस दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या अंतरानं येतात, आणि त्याआधी मुलगी पडद्यामागे जाऊन उभी राहते. टाचा वर, पाय एकमेकांत घट्ट अडकवलेले, चेहरा लाल. घरच्यांना तो हट्ट वाटायचा. ती शी रोखून धरत होती. एकदा खडा झाला होता, दुखलं होतं, तेव्हापासून भीती बसलेली. बालरोगतज्ज्ञांच्या औषधानं पोट साफ व्हायला लागलं आणि ओरबाडणं हळूहळू ओसरलं. जंतांचंही असंच. रात्री शीच्या जागी खाज सुटते, झोपमोड होते, आणि दिवसभर पोरगं चिडचिड करतं. घरी मात्र त्याला स्वभाव म्हणून मोकळे होतात.

म्हणून तुमच्याही मुलाला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तीन-चार बाटल्या दुधानं पोट भरतं, जेवण मागे पडतं, आणि दुधात लोह जवळपास नसतंच. लोह कमी पडलं की मूल किरकिरं होतं, झोप नीट लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली सुमारे ६९ मुलं रक्तक्षयाची निघाली. तेव्हा हे दुसऱ्याच्या घरचं दुखणं समजू नका. बाटली बंद करून दूध पेल्यातून द्या, दिवसाला अर्धा लिटरच्या आत.

जावेच्या मुलीशी तुलना सोडा. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर जोडप्यानं १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांपासून मुलांचा अभ्यास सुरू केला आणि वर्षानुवर्षं चालवला. काही मुलं जन्मापासूनच तीव्र असतात, बदल त्यांना लवकर पचत नाही, हे त्यांना दिसलं. पुढे मूल कसं होतं, हे त्या स्वभावाचा घराच्या अपेक्षांशी किती मेळ बसतो, यावर बरंच अवलंबून असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तान्ह्या पोळ्याचंच बघा. भाद्रपदातली दमट दुपार, अंगात जरीचा सदरा, डोक्यावर टोचणारा मुकुट, लाउडस्पीकर, परीक्षक, बोजाऱ्यासाठी, म्हणजे मुलांना मिळणाऱ्या खाऊ-पैशांसाठी, रेटारेटी. जावेच्या मुलीला त्यात मजा आली असेल, तुमच्या मुलाला ते सोसलं नाही. पुढच्या वर्षी साध्या कपड्यांत, पोटभर जेवून, कॉलनीतल्या चार घरी बैल घेऊन जाऊ द्या. तोही तान्हा पोळाच.

‘दोन ठेवून दे’ याच्या मी पूर्ण विरोधात आहे. मारल्यानं मूल त्या क्षणी थांबतं, हे खरं. पण राग आला की समोरच्याला लागेल असं काही करायचं, हेच तर आपण त्याला करू नको म्हणतो आहोत, आणि तेच त्याला करून दाखवतो.

आता करायचं काय? सगळ्यात आधी झोप. रात्री साडेआठला दिवे मंद, नऊला झोप. बाबांची भेट सकाळी ठेवा. त्यांनी त्याला शाळेत सोडायला जावं, अंघोळ घालावी. त्यांना हे जड जाईल, तरी मुलासाठी करावं. शाळेतून आल्यावर जेवण आणि कूलरसमोर तासभर आडवं होणं. झोप आली नाही तरी चालेल. साडेपाचला काही तरी पोटभरीचं, धिरडं किंवा तूप-गुळाची पोळी. आणि मग वीस मिनिटं फक्त तो आणि तुम्ही. त्या वेळात धाकटी आजीकडे. सासूबाईंना हे नीट सांगा. त्यांच्याशिवाय ही गोष्ट जमणार नाही, आणि नातवासाठी त्या नाही म्हणणार नाहीत.

मोबाइल गोंधळाच्या वेळी अजिबात द्यायचा नाही. द्यायचाच तर ठरलेल्या वेळी, दिवसाकाठी एक तासाच्या आत, कुणीतरी सोबत बसून. हे सुरू केल्यावर पहिले काही दिवस त्याचा गोंधळ वाढेल. नेहमीचा उपाय चालेना म्हणून तो जोर लावून बघेल. तिसऱ्या दिवशी कुणी कीव येऊन मोबाइल दिला, तर जास्त वेळ रडायचं, एवढंच तो शिकेल. म्हणून तिघांचं आधी एकमत करा, मगच सुरुवात करा. पाहुणे येणार असतील त्या आठवड्यात सुरू करू नका.

तो चावायला आला तर खाली बसा, त्याचे हात धरा आणि हळू आवाजात एवढंच बोला, ‘राग आलाय तुला. मी चावू देणार नाही.’ तेव्हा समजावत बसू नका, त्याला ऐकू जात नाही. दुसऱ्या मुलाला चावला तर आधी त्या मुलाला जवळ घ्या. आणि हाक मारून, हात धरून, शब्दांत मागितलं की लगेच, हातातलं ठेवून, त्याच्याकडे बघा. वहीतल्या त्या वाटीच्या प्रसंगावर औषध हेच आहे. महिनाभरानं वही घेऊन मला पुन्हा लिहा.

प्रश्न : नातू सव्वादोन वर्षांचा आहे. वस्तू फेकतो, डोकं आपटतो. हाक मारली तर वळत नाही, टीव्हीवर जाहिरात लागली की मात्र धावत येतो. ‘पाणी दे’ एवढंही म्हणत नाही. बोट दाखवत नाही, आपला हात धरून वस्तूपाशी नेतो. घरात सगळे म्हणतात, त्याचा बापही उशिराच बोलला. वाट पाहावी का?
– एक आजोबा, इतवारी

उत्तर : नाही काका, वाट पाहू नका. वर लिहिलेली वही इथे पुरणार नाही. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलायला हवं, हवी ती वस्तू बोटानं दाखवायला हवं. नातू जाहिरातीला धावत येतो म्हणून कान ठीक आहेत, असं समजू नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर मोठा आवाज ऐकू येतो, बोलणं मात्र पुसट. आधी कानाची तपासणी करा, त्याच आठवड्यात बालविकासाच्या डॉक्टरांना दाखवा. स्वमग्नता (ऑटिझम) आहे की नाही, ते तेच तपासून सांगतील. ती असो वा नसो, भाषेसाठीची मदत आत्ता सुरू झाली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. खर्चाची अडचण असेल तर तुमच्या अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं, मोफत. जाताना घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या : एक तो खेळताना, एक हाक मारल्यावरचा, एक डोकं आपटतानाचा. दवाखान्यात मूल घरच्यासारखं वागत नाही, आणि डॉक्टरांना घरचंच बघायचं असतं.