८ जीबी रॅमपैकी उरलेली जाते कुठे?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे, परंतु विंडोज त्यातली ७.४ जीबीच वापरण्याजोगी असल्याचे दाखवते. शिवाय टास्क मॅनेजरमध्ये ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’पुढे ३.७ जीबी असा आकडा दिसतो. निम्मी रॅम ग्राफिक्सच अडवून ठेवते का? बायोसमध्ये जाऊन काही बदल करावा का?

उत्तर : हे दोन आकडे दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. आपल्या लॅपटॉपमधील ग्राफिक्सचा भाग (जीपीयू) प्रोसेसरमध्येच सामावलेला असावा. अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते आणि मुख्य रॅमवरच काम भागवावे लागते. लॅपटॉप सुरू होताना, विंडोज कामाला लागण्यापूर्वीच, बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करून देणारा मूळ प्रोग्रॅम, रॅमचा एक भाग, बहुधा ५१२ एमबी, ग्राफिक्ससाठी बाजूला काढते. आपल्याला कमी दिसणारी रॅम मुख्यतः हीच, आणि ग्राफिक्सला तिची गरज नसली तरी ती इतर प्रोग्रॅमना मिळत नाही.

३.७ जीबी हा मात्र राखीव साठा नसून कमाल मर्यादा आहे. वापरण्याजोग्या रॅमच्या साधारण निम्म्यापर्यंत विंडोज ग्राफिक्सला घेऊ देते. प्रत्यक्षात घेतली जाते ती लागेल तेव्हा, लागेल तेवढी, आणि काम संपल्यावर ती मोकळी होते. ही उसनी जागा रॅममध्ये ठिकठिकाणी विखुरलेली असली, तरी पत्त्यांच्या एका तक्त्यामुळे ग्राफिक्सला ती सलग असल्यासारखी वापरता येते. ही युक्ती जुनीच आहे. १९९७ च्या सुमारास आलेल्या एजीपी प्रकारच्या ग्राफिक्स कार्डांसाठीही असाच तक्ता वापरला जात असे.

म्हणून बायोसमधील राखीव मेमरीचा आकडा उगाच वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादा गेम राखीव मेमरी कमी आहे म्हणून सुरूच होत नसेल, तरच तो वाढवावा. एरवी ८ जीबीमधून २ जीबी कायमची काढून दिल्यास बाकीची सगळी कामे मंदावण्याची शक्यता अधिक.

खरी अडचण जागेपेक्षा वेगाची असते, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. १९२० × १०८० बिंदूंचे एक चित्र, प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास, सुमारे ८३ लाख बाइटचे होते. सेकंदाला ६० वेळा पडद्यावर पाठवण्यासाठी ते वाचायचे, तर एवढ्यानेच जवळपास ५० कोटी बाइटची ने-आण होते, आणि गेममध्ये तेच चित्र तयार करताना याच्या कितीतरी पट. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एकच पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवू शकते, आणि त्यातही प्रोसेसरचा वाटा असतो. तशीच दुसरी पट्टी दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगळ्या मार्गावर, बसवली, की ही मर्यादा ५१.२ जीबी होते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर २ पैकी १ असे दिसत असेल, तर खर्च तिथेच करावा. मात्र काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, हे आधी तपासून घ्यावे.