तळपायावरची काळी गाठ मेलॅनोमा (कातडीच्या रंगपेशींचा कॅन्सर) आहे की दुसरं काही, हे न कापता कळतं का?

नाही कळत. तुमच्या वडिलांच्या टाचेवरच्या गाठीचा फोटो दहा जणांना दाखवलात तरी नाही. आणि घरातले "कापलं की पसरतं" म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणूनच लिहायला बसले.

२०१८ साली माझ्या आईच्या डाव्या टाचेला वाटाण्याएवढी निळसर काळी गाठ आली. भोवती बारीक खाच, जणू मणी कातडीत रुतवलाय. चप्पल घासली की रक्त यायचं. आई कुरूप समजून पट्ट्या लावत राहिली. मग नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्यात ती जाळून टाकली. तुकडा तपासायला पाठवलाच नाही! सहा महिन्यांत गाठ परत हजर.

दुसऱ्या डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून बघायचं भिंग, लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, मेलॅनोमा नाही असं सांगता येत नाही, अख्खी काढू. घरी मामाजी अडून बसले. "चाकू लावू नका बाप्पा, अंगभर पसरंल." तीन आठवडे त्यात गेले.

शेवटी दोन मिलिमीटर चांगल्या कातडीसकट गाठ काढली. पहिल्या रिपोर्टात मेलॅनोमाची शंका, इम्युनो (पेशी कुठल्या प्रकारच्या हे रंगवून ओळखायची तपासणी) करा असं लिहिलेलं. ते आठ दिवस आई रोज संध्याकाळी ओसरीवर पाय वर घेऊन संत्री सोलायची आणि एकही फोड तोंडात टाकायची नाही.

इम्युनोत गाठीच्या मूळ पेशी एस-१००, एचएमबी-४५, मेलन-ए या मेलॅनोमा ओळखायला वापरतात त्या तिन्ही खुणांना निगेटिव्ह निघाल्या; मधूनमधून विखुरलेल्या रंगपेशी तेवढ्या रंगल्या. निदान झालं पिग्मेंटेड पोरोमा. घामाच्या नळीची साधी गाठ, १९५६ पासून वैद्यकाला ठाऊक असलेली. तळपायावर घामग्रंथी दाट, म्हणून तिथे जास्त दिसते. एरवी लालसर असते. रंगपेशी आत शिरल्या की काळी होते आणि फसवते.

फसवणाऱ्या आणखी आहेत: पिग्मेंटेड बेसल सेल हा कातडीचा दुसरा कॅन्सर, स्पिट्झ नीव्हस हा एक प्रकारचा साधा तीळ. क्लिअर सेल सार्कोमात तर उलटं होतं. पायाच्या स्नायुबंधाजवळचा हा कॅन्सर एस-१०० आणि एचएमबी-४५ दोन्हीला पॉझिटिव्ह येतो, अगदी मेलॅनोमासारखा. तिथे ईडब्ल्यूएसआर१ या जनुकाची तपासणी लागते.

मामाजी आजही लग्नाकार्यात भेटले की म्हणतात, "कॅन्सर नव्हताच ना, उगाच बाईचा पाय फाडला." नव्हता हे कापल्यावर कळलं, मामाजी! बायोप्सीने मेलॅनोमा पसरत नाही. महिनोन्महिने वाट पाहिल्याने मात्र तो खोल जातो, आणि पुढचं सगळं त्याच्या खोलीवर ठरतं. म्हणूनच अशी गाठ जाळायची नाही, वरवर खरवडायची नाही. खोली मोजायला तुकडा पूर्ण हवा.

मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. डाग पसरट असेल तर डॉक्टर आधी छोटा तुकडाही घेतील, तो निर्णय त्यांचा. आणि आमचं निभावलं म्हणून तुमचंही साधंच असेल असं नाही. आपल्याकडे मेलॅनोमा तळपायावरच बऱ्याचदा सापडतो, आणि पोरोमाचाही क्वचित कॅन्सर होतो.

रिपोर्टासोबत स्लाइड आणि काढलेला तुकडा ज्यात जपतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं तर तेच लागतात. फक्त ब्लॉक मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. आईचा ब्लॉक अजून देवघराखालच्या कप्प्यात आहे.