आठ जणांत क्लबचं टेबल घ्यावं का?

मित्राच्या वाढदिवसाला आठ जण जाताय, लाउंजवाल्यांनी 'मिनिमम स्पेंड' (म्हणजे टेबलावर बाटल्या वगैरे मागवून किमान इतका खर्च करायचाच, ही अट) सांगून ॲडव्हान्स मागितलाय, आणि टेबल घ्यावं की नुसतं प्रवेशशुल्क भरून आत शिरावं, असा तुमचा प्रश्न आहे. आठ जण असाल तर घ्या. फक्त दारूच्या भावाशी तुलना करत बसू नका, ती कधीच जुळत नाही. दुकानातली तीच बाटली तिथे कित्येक पट दराने येते. वरचे पैसे बसायच्या जागेचे, रांग चुकवण्याचे आणि पर्स-जॅकेट टाकायला कोपरा मिळण्याचे. रात्रभर नाचणाऱ्यांना यातलं काहीच नको असतं. तासाभरात पाय दुखायला लागणारे तुमच्यात किती, ते तुम्हालाच ठाऊक.

खरी मेख मिनिमम स्पेंडमध्ये आहे. हा आकडा बहुतेक ठिकाणी कर आणि सर्व्हिस चार्ज सोडून सांगतात. समजा १०० ठरले, त्यावर १५ टक्के सर्व्हिस चार्ज आणि एकूण रकमेवर १० टक्के कर, तर बिल साडेसव्वीस टक्क्यांनी फुगतं. शिवाय ठरल्यापेक्षा कमी प्यालात तर उरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून क्लबच्या होस्टला, म्हणजे टेबल बुक करून देणाऱ्याला, मेसेजवरच विचारा: आकड्यात काय काय धरलंय, ॲडव्हान्स बिलातून वजा होणार का, टेबल किती वाजेपर्यंत राखून ठेवणार, आणि नेमकं कुठलं टेबल. फोनवरच्या 'हो हो, बघतो सर'ला रात्री दारावर कोणी विचारत नाही.

जागेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. डीजे कन्सोलशेजारचं टेबल सगळ्यात महाग असतं आणि तिथे बसून वाढदिवसाच्या मुलाशी एक वाक्य धड बोलता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी आवाजाची कमाल पातळी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ठरवली, यावरून अंदाज घ्या. भिंतीला पाठ लागेल असा, नाचायच्या जागेपासून दोन रांगा मागचा सोफा बरा. स्वच्छतागृहाच्या वाटेवरचं टेबल मात्र फुकट दिलं तरी नको. रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कोपर खात बसावं लागतं.

आता बाटलीचं. ७५० मिलीत ३० मिलीचे २५ पेग, म्हणजे आठ जणांना जेमतेम तीन-तीन. वेटर बर्फाची बादली, ज्यूसचे जग, ग्लास मांडतो आणि पहिली फेरी सढळ हाताने ओततो. बाटली लवकर संपली तर दुसरीची ऑर्डर त्याला हवीच असते, तेव्हा दुसऱ्या फेरीपासून बाटली आपल्या हातात घ्या. सील तुमच्यासमोरच फोडायला लावा. सोडा-ज्यूस बाटलीसोबत येतात, पण एनर्जी ड्रिंकचे कॅन बऱ्याचदा वेगळे लावतात. टेबलाभोवती घुटमळणाऱ्या अनोळखी 'मित्रां'साठी ग्लास मागवायची गरज नाही, बाउन्सरला नुसती खूण पुरते.

बाटलीवर फुलबाजी लावून वाजतगाजत आणण्याची हौस असेल तर मी नाहीच म्हणेन. ब्राझीलमधल्या किस नाइटक्लबमध्ये २०१३ साली स्टेजवरच्या आतषबाजीने छताच्या फोमला आग लागली आणि २४२ जीव गेले. बसण्याआधी दुसरं दार कुठे आहे ते बघून ठेवा.

ज्याच्या नावावर बुकिंग आहे, त्याने सगळ्यांत आधी पोहोचायचं. तो ट्रॅफिकमध्ये आणि बाकी सात दारावर, असं झालं की वेळ उलटून टेबल दुसऱ्याला जातं. ओळखपत्र आणि बूट, दोन्ही आठवणीने.

बिल अंधारात येतं. मोबाइलचा टॉर्च लावून एकेक ओळ वाचा, विशेषतः सर्व्हिस चार्ज आधीच धरलाय का ते. धरला असेल तर खालची टिपची रिकामी जागा खुशाल रिकामी सोडा. वेटर खरंच चांगला वाटला तर रोख त्याच्या हातात द्या.