लपवलेलं प्रेम आणि मृत्यू: किशोर कादंबरीची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा: अकरावीतल्या मुलीचा प्रियकर अपघातात जातो, त्यांच्याबद्दल कुणालाच माहीत नाही, कादंबरी पुण्यात घडते.

मृत्यू पहिल्या 20-25 पानांतच येऊ द्या. शेवटचा धक्का म्हणून राखून ठेवलात तर शोकाला जागाच उरत नाही, आणि खरा विषय तोच आहे. त्याच्या घरच्यांना दहा दिवस सुतक आहे, हिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास, युनिट टेस्ट, आईने भरलेला डबा. बातमी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळते आणि तिथे हिलाही इतरांसारखं 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच लिहावं लागतं. किती क्रूर आहे हे! दहाव्याला ती ओंकारेश्वरच्या घाटावर जाईल का? कुणी 'तू कोण गं?' विचारलं तर? हा प्रसंग मध्यावर ठेवा आणि उरकू नका. पिंडाला कावळा शिवत नाही, 'काहीतरी इच्छा राहिली असेल' अशी कुजबुज ती लांबून ऐकते. तिथे तिच्या मनातलं काहीही लिहू नका.

आठवणींची सलग प्रकरणं टाळा, गोष्ट जागच्या जागी थांबते. समोरच्या एखाद्या वस्तूवरून आठवण यावी, पानभरात संपावी. गुपित एकाच व्यक्तीला कळू द्या. त्याची बहीण उत्तम, कारण त्याचा फोन तिच्याकडे असणार. आईवडिलांना खलनायक केलंत तर सोळा वर्षांचा वाचक लगेच पुस्तक मिटतो. 40 ते 50 हजार शब्द पुरेत.