नायक नसलेली पानं

किशोर आणि तरुण वाचकांसाठीच्या प्रेमकथांत हल्ली नैराश्य, ओसीडी (नको ते विचार येऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार), पॅनिक अटॅक असे आजार बरेच दिसतात. या वेळची तिन्ही पत्रं त्याबद्दलच आहेत. मी समुपदेशनाचं काम करते आणि या कादंबऱ्या मनापासून वाचते, म्हणून उत्तरं दोन्ही बाजूंनी देते.

प्रश्न : ताई, मी एकोणीस वर्षांची आहे आणि पहिली कादंबरी लिहितेय. नायिकेला ओसीडी आहे, ती सारखे हात धुते. नायक दर वेळी तिचे हात हातात घेऊन ‘स्वच्छ आहेत गं’ म्हणतो आणि शेवटी ती बरी होते. मैत्रीण म्हणते, शेवट खोटा वाटतो. काय बदलू?

शेवट नंतर बघू. तू सगळ्यात जिव्हाळ्याने लिहिलेला तो हात हातात घेण्याचा प्रसंगच आजाराला खतपाणी घालतोय.

ओसीडीत नको असलेला विचार घुसतो : कडीला हात लागला, आता माझ्यामुळे घरातलं कुणीतरी आजारी पडणार. भीती सोसवत नाही. हात धुतले की ती उतरते, पण थोडाच वेळ. मेंदू मात्र शिकतो की धुतलं म्हणून अनर्थ टळला. ‘स्वच्छ आहेत’ हे नायकाचं वाक्यही धुण्याचंच काम करतं. पाचव्यांदा विचारल्यावर त्याने पाचव्यांदा प्रेमाने सांगितलं की सहावा प्रश्न येणारच. घरातली मायेची माणसं रोज हेच करतात. त्यांना बोल लावू नये, घाबरलेल्या माणसाला धीर द्यावासा वाटतोच.

ओसीडीवरच्या ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ या उपचारात याच्या उलट चालतं. भीती वाटते त्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि धुवायचं नाही. कडीला हात लावायचा आणि तसंच बसायचं. अनर्थ होत नाही, आणि झेपणार नाही असं वाटलेली भीतीही झेपते, हे अनुभवातूनच कळतं. थेरपिस्ट यात जवळच्या माणसांनाही सामील करून घेतात. आता तुझा प्रसंग पुन्हा लिहून बघ. दोघांनी आधीच शांतपणे ठरवलंय की तो खात्री देणार नाही. ती विचारते, ‘स्वच्छ आहेत ना?’ तो म्हणतो, ‘याचं उत्तर मी देणार नाही. पण इथून उठणारही नाही.’ ती चिडते, रडते, त्याला जा म्हणते. तो बसून राहतो. माझ्या मते कुठल्याही चुंबनापेक्षा जास्त प्रेम या प्रसंगात आहे.

औषध दाखवणार असशील तर वेळ दे. ओसीडीत गोळ्यांचा परिणाम जाणवायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. सुरुवातीला मळमळ होते, झोप बिघडते. काही तरुणांमध्ये या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून डॉक्टर बारीक लक्ष ठेवतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा गोळ्यांबद्दल मुलांसाठी २००४ मध्ये दिलेला ठळक इशारा २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. आणि बरं वाटलं म्हणून नायिकेने एका रात्रीत गोळ्या फेकून देणं हे कृपा करून विजयासारखं रंगवू नकोस.

शेवटी एक कर. नायक नसलेली सगळी पानं वेगळी काढ आणि सलग वाच. तिथे आजार दिसतो का? पुष्कळ कादंबऱ्यांत तो नायक आला की जागा होतो आणि गेला की झोपी जातो, कारण नायकाला वाचवायला मिळावं एवढंच आजाराचं काम असतं. खरा ओसीडी पेपरात तेच उत्तर चार वेळा खोडायला लावतो. बाथरूमबाहेर बहीण दार ठोठावत असते तेव्हाही तो असतो. त्याच पानांत नायिकाही सापडायला हवी : तिला काय आवडतं, कशावर ती खदखदून हसते, कुणाशी भांडते. हे जमलं की तुझा शेवट आपोआप बदलेल. ती पूर्ण बरी झाली नाही तरी चालेल. न धुता ती मैत्रिणीच्या घरी जेवून आली, एवढंही मला वाचक म्हणून पुरेल.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी आत्महत्येचा विषय असलेल्या प्रेमकथा वाचते. पुस्तकं काढून घेऊ का?

तुमची भीती जुनी आहे आणि निराधार नाही. जर्मन लेखक गटे यांची, प्रेमभंगातून आत्महत्या करणाऱ्या वेर्थरची कथा १७७४ मध्ये आली, त्यानंतर अनुकरणाच्या भीतीने काही ठिकाणी तिच्यावर बंदी आली. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये अशा अनुकरणाच्या परिणामाला वेर्थरचंच नाव दिलं. मरणाला प्रेमाचा सुंदर शेवट म्हणून रंगवणारी कथा जपूनच वाचायला हवी. पण उलटही घडतं. अशा विचारांतून माणूस कसा सावरला हे दाखवणारं लेखन आधार देऊ शकतं, असं व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं.

म्हणून काढून घेऊ नका, तेच पुस्तक तुम्हीही वाचा. मग तिला विचारा, ‘त्याने कुणाला सांगायला हवं होतं, असं तुला वाटतं?’ तिची झोप, भूक, मैत्रिणी, आवडीचे उद्योग दोन आठवडे बिघडलेले दिसले तर सरळ विचारा : मरणाचे विचार येतात का? विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. ज्याच्यावर माझं प्रेम आहे तो म्हणतो, ‘जगावंसं वाटत नाही, पण हे फक्त तुलाच सांगतोय, शपथ घे.’ कादंबरीतल्यासारखं मीच त्याला सावरू शकेन ना?

नाही गं. त्याने तुला सांगितलं हे फार मोलाचं आहे, कारण आता ते कुणालातरी माहीत आहे. पण हे ओझं एका मुलीने रात्रभर फोनवर जागून पेलण्यासारखं नाही, आणि ते न पेलणं म्हणजे प्रेम कमी असणं नव्हे. शपथ मोड. त्याच्या घरच्या किंवा तुझ्या विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला त्याचे शब्द जसेच्या तसे सांग. आधी त्यालाही सांग : ‘मी हे लपवणार नाही, आपण दोघं मिळून सांगू.’ तो नाही म्हणाला तर तू एकटी सांग. कदाचित तो चिडेल, काही दिवस बोलणार नाही. तरीही आजच सांग.