दावा पाच हजारांचा, नुकसान अडीच लाखांचे

प्रश्न : मी 62 वर्षांचा, प्रतापनगर, नागपूर येथे राहणारा निवृत्त प्राध्यापक आहे. ‘फसवणुकीपासून संपूर्ण संरक्षण’ देणाऱ्या योजनेसाठी बँकेने माझ्या खात्यातून दोन वर्षे प्रत्येकी 2,500 रुपये कापले. परतावा देतो असे सांगणाऱ्या फोनवर विश्वास ठेवून मी यूपीआय पिन टाकला आणि 48,000 रुपये गेले. बँकेने भरपाई नाकारली. वकील 25,000 रुपये मागतात. दावा केल्यास पाच लाख मिळतील का? निवृत्तीचे 26 लाख सुदैवाने त्याच खात्यात सुरक्षित आहेत.

उत्तर : पाच लाखांची आशा कृपया सोडून द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवण्यापूर्वी झालेले नुकसान त्यालाच सोसावे लागते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. मात्र ‘संपूर्ण संरक्षण’ असे सांगून शुल्क घ्यायचे आणि प्रसंग आला की अटींकडे बोट दाखवायचे, ही दिशाभूल आहे, आणि तिच्याविरुद्ध आपण अवश्य लढावे. शुल्क परत मिळावे अशी लेखी मागणी बँकेकडे करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करा. नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तेथे एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, परंतु मुदत दोन वर्षांची असल्यामुळे पहिल्या कपातीची तारीख आजच तपासा. एकच तक्रार दोन्हीकडे एका वेळी चालवता येत नाही. पाच हजारांसाठी वकिलाला पंचवीस हजार देऊ नयेत.

आता आपण न विचारलेली, पण मला अधिक काळजी वाटणारी गोष्ट. ज्या खात्याला यूपीआय जोडलेले आहे आणि ज्याचा पिन आपण एकदा फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून टाकला आहे, त्यात 26 लाख ठेवणे याला सुरक्षित म्हणता येणार नाही. शिवाय ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत पाच लाखांपर्यंतच असते, आणि तेही बँक बुडाल्यास. फसवणुकीशी त्याचा काहीही संबंध नाही.

व्याजाचा हिशेबही पाहा. दोन लाख हाताशी ठेवून 24 लाख टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला सुमारे 1.97 लाख मिळाले असते. बचत खात्यावर 2.5 टक्के धरले तर साठ हजार. म्हणजे दोन वर्षांत करापूर्वी अडीच लाखांहून अधिक गेले, भामट्याने नेले त्याच्या पाचपट. खात्यावर एवढी रक्कम दिसत असताना ज्या बँक कर्मचाऱ्याने आपल्याला ही योजना सुचवली नाही, पण 2,500 रुपयांची संरक्षण योजना विकली, त्याचा पुढचा कोणताही सल्ला ऐकू नका.

या आठवड्यात यूपीआयसाठी वेगळे खाते उघडा, त्यात वीस हजारांपेक्षा अधिक ठेवू नका, आणि जुन्या खात्याची जोडणी काढून टाका. 24 लाखांचा धनादेश टपाल कार्यालयात द्या. मुदत पाच वर्षांची आहे, व्याज दर तिमाहीला मिळते आणि ते करपात्र असते. 48,000 रुपयांची तक्रार 1930 या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर नोंदवली नसेल, तर तीही आजच नोंदवा.